देशी भाताचे जतन : वायनाडच्या एका शेतकऱ्याचा धडा

भात हे भारतातील कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न. परंतु ‘भात’ या एका शब्दाखाली पूर्वी किती विविधता नांदत होती, याची कल्पना आजच्या पिढीला क्वचितच असते. मध्य प्रदेशातील ज्येष्ठ भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात तत्कालीन मध्य प्रदेशात, मुख्यत्वे छत्तीसगडच्या भागात, भाताचे सुमारे १९ हजार नमुने गोळा केले होते. आखूड व लांब दाण्याचे, लाल व काळ्या तुसाचे, कुसळ असलेले व नसलेले, दोन-अडीच महिन्यांत पिकणारे आणि दिवाळी उलटेपर्यंत शेतात उभे राहणारे असे हे वाण होते. प्रत्येक वाणामागे एखाद्या गावाची जमीन, तेथील पाऊस आणि तेथील माणसांची गरज उभी होती.

या संपत्तीचा मोठा भाग आज शेतातून नाहीसा झाला आहे. एखादे वाण नाहीसे होण्यासाठी दुष्काळ किंवा महापूरच यावा लागतो, असे नाही. भाताचे बियाणे घरगुती साठवणीत फार काळ जिवंत राहत नाही. दमट हवेच्या प्रदेशात तर वर्ष-दोन वर्षांत त्याची उगवण झपाट्याने घटते. त्यामुळे एखादे वाण पेरणारा गावातील शेवटचा शेतकरी दोन-तीन हंगाम थांबला, तरी शेकडो वर्षांची परंपरा कोणाच्या लक्षातही न येता संपुष्टात येते. म्हणूनच असे वाण दरवर्षी पेरीत राहणाऱ्या शेतकऱ्याचे काम बारकाईने अभ्यासण्याजोगे आहे. केरळ राज्यातील वायनाड जिल्ह्याचे चेरुवयल रामन हे अशा शेतकऱ्यांपैकी एक होत.

भातखाचरांचा मुलूख

पश्चिम घाटाच्या कुशीत वसलेल्या वायनाडच्या नावाचा एक प्रचलित अर्थच मुळी ‘भातखाचरांचा प्रदेश’ असा आहे. डोंगरउतारांच्या मध्ये पसरलेल्या सखल, पाणथळ पट्ट्यांना तेथे ‘वयल’ म्हणतात. या वयलांमध्ये भाताची शेती करणाऱ्या आदिवासी जमातींपैकी कुरिच्य ही एक प्रमुख जमात आहे. पळशी राजाच्या इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात ही जमात अग्रभागी होती आणि १८१२ मध्ये तिने स्वतंत्रपणे उठाव केल्याची नोंद इतिहासात आहे. एकत्र कुटुंब, मातृवंशीय वारसा आणि सामुदायिक भातशेती ही या समाजाची परंपरागत वैशिष्ट्ये होत.

गेल्या अर्धशतकात मात्र केरळच्या भातशेतीचे चित्र पालटले. १९७० च्या दशकाच्या मध्यास या राज्यात सुमारे पावणेनऊ लाख हेक्टर क्षेत्रावर भात होत असे. आता ते क्षेत्र दोन लाख हेक्टरांच्या आसपास आले आहे. मजुरी वाढली, भाताला मिळणारा दर खर्चाच्या मानाने अपुरा ठरू लागला, आणि खाचरांत केळी, सुपारी यांसारखी नगदी पिके आली. अनेक ठिकाणी खाचरे बुजवून इमारतीही उभ्या राहिल्या. खाचर गेले की त्या खाचराला साजेसे वाणही जाते. केरळ शासनाने २००८ मध्ये भातजमीन व पाणथळ क्षेत्र संरक्षणाचा कायदा केला, तो याच पार्श्वभूमीवर.

रामन यांचे कार्य

मानंतवाडीजवळील कम्मना गावचे श्री. रामन हे कुरिच्य समाजातील शेतकरी आहेत. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपुरतेच झाले. मामांकडून वारशाने आलेली जमीन ते कसू लागले, आणि जमिनीबरोबर घरातील बियाण्यांचा वारसाही त्यांच्याकडे आला. आजूबाजूचे शेतकरी नव्या वाणांकडे किंवा नव्या पिकांकडे वळत असताना रामन यांनी जुनी बियाणी सोडली नाहीत. इतकेच नव्हे, तर ज्यांनी ती सोडली त्यांच्याकडील वाणही मिळवून त्यांनी आपल्या खाचरात लावले. अशा रीतीने पन्नासाहून अधिक पारंपरिक वाणांचा संग्रह त्यांच्याकडे झाला. वेलियन, तोंडी, चेन्नेल्लु, गंधकशाला, जीरकशाला ही त्यांतील काही नावे. यांपैकी गंधकशाला व जीरकशाला हे वायनाडचे सुवासिक तांदूळ भौगोलिक मानांकनामुळे राज्याबाहेरही परिचित झाले आहेत.

मातीच्या भिंती आणि गवती छपराच्या जुन्या घरात राहणाऱ्या या शेतकऱ्याकडे कृषी शास्त्रज्ञ, विद्यार्थी व शेतकरी सतत येत असतात. केरळ कृषी विद्यापीठाच्या सर्वसाधारण परिषदेवर त्यांनी सदस्य म्हणून काम केले आहे. केंद्र शासनाच्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरणाकडून ‘प्लांट जीनोम सेव्हियर’ पुरस्काराने त्यांचा गौरव झाला आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

रामन यांच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. बियाणे मागण्यास येणाऱ्या शेतकऱ्याकडून ते पैसे घेत नाहीत. अट एकच : जेवढे बियाणे नेले, तेवढे पीक आल्यावर परत आणून द्यावयाचे. वरवर पाहता ही साधी देवघेव दिसते. प्रत्यक्षात वाण टिकविण्याची सर्वांत खात्रीची पद्धत हीच आहे. बियाणे परत करावयाचे असल्यामुळे घेणारा ते जपून, भेसळ होऊ न देता पिकवितो. परत येणारे बियाणे नव्या हंगामाचे, ताजे असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेच वाण एकाऐवजी दोन खाचरांत उभे राहते. एका ठिकाणी रोगाने वा पुराने पीक गेले, तरी दुसऱ्या ठिकाणी ते शिल्लक असते.

आपल्या राज्यातही अशा कार्याचे उदाहरण आहे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी भातासह अनेक पिकांची व भाज्यांची गावठी बियाणी जमवून घरीच बियाणे बँक उभी केली. त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा गाभाही बियाणे हिंडते ठेवणे हाच आहे.

पन्नास वाणांची शिस्त

एका वाणाची शेती आणि पन्नास वाणांचे जतन यांत फार मोठा फरक आहे. समजा, एखाद्या शेतकऱ्याने प्रत्येक वाणासाठी एकच गुंठा राखला, तर पन्नास वाणांना सव्वा एकर जमीन लागेल. क्षेत्र मोठे नाही. परंतु त्यासाठी पन्नास वेगळे वाफे टाकावे लागतील, पन्नास वेळा रोपे वेगळी उपटून वेगळी लावावी लागतील. हळवे वाण आधी पिकेल, निमगरवे त्यानंतर आणि गरवे सर्वांत शेवटी. कापणी एकदम उरकता येणार नाही. एका वाणाची मळणी झाली की दुसरे वाण आणण्यापूर्वी खळे झाडून स्वच्छ करावे लागेल, नाहीतर मूठभर दाण्यांनीही भेसळ होईल. मजुरी वाढते ती येथे. शिवाय जुनी वाणे उंच वाढणारी असल्याने जोराच्या पावसात लोळतात, आणि त्यांचे उत्पन्न सुधारित वाणांपेक्षा बहुधा कमी येते. म्हणजे खर्च अधिक आणि उत्पन्न कमी, असा हा व्यवहार आहे. समाजाच्या ठेव्याची राखण करण्याचा भार एकटा शेतकरी स्वतःच्या पदरमोडीने उचलीत असतो, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सुदैवाने भाताच्या बाबतीत निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. भात हे मुख्यत्वे स्वपरागीकरण होणारे पीक असल्यामुळे दोन वाणांचा आपोआप संकर होण्याचे प्रमाण अत्यल्प असते. बीज प्रमाणीकरणाच्या नियमांनुसार दोन वाणांमध्ये तीन मीटर अंतर पुरेसे मानले जाते. तेवढीही जागा नसेल, तर हळव्या वाणाशेजारी गरवे वाण लावावे. दोहोंच्या फुलोऱ्याचा काळ वेगवेगळा असल्याने संकराची शक्यता आणखी कमी होते. मक्यासारख्या पिकात इतक्या लहान जागेत ही शुद्धता राखणे शक्य झाले नसते.

वाण शुद्ध राखू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याने पुढील काळजी घ्यावी. फुलोऱ्यापूर्वी, फुलोऱ्यात आणि दाणे भरल्यावर, असे किमान तीन वेळा खाचरातून फिरून उंची, पानांचा रंग, लोंबीची ठेवण किंवा तुसाचा रंग यांत वेगळी दिसणारी रोपे काढून टाकावीत. बियाण्यासाठी बांधालगतच्या ओळी सोडून मधल्या भागातील निरोगी लोंब्या निवडाव्यात. मात्र केवळ चार-दोन उत्तम रोपांचे बी धरू नये. देशी वाणात रोपारोपांत थोडा फरक असतो आणि त्या फरकातच प्रतिकूल हवामान सोसण्याची शक्ती दडलेली असते. यास्तव शंभराच्या आसपास रोपांवरील लोंब्या एकत्र कराव्यात. बियाणे उन्हात चांगले वाळवून त्यातील ओलावा तेरा टक्क्यांच्या आत आणावा, कोरड्या जागी जमिनीपासून उंच ठेवावे आणि प्रत्येक पिशवीच्या आत व बाहेर वाणाचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी असावी. पेरणीपूर्वी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी ओतावे. पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत. तळाचे भरीव बी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवून पेरावे.

कोकणात पूर्वी बियाण्याचे भात पेंढ्याच्या मुड्यात घट्ट बांधून ठेवीत. पेंढा ओलावा शोषून घेई आणि हवाही खेळती राही. अशा जुन्या रीतींमागे अनुभवाचे शास्त्र होते, हे विसरून चालणार नाही.

जुन्या वाणांचे मोल

कमी उत्पन्न देणारी वाणे टिकवावयाची कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. १९६० च्या दशकात देशापुढे अन्नटंचाईचे संकट होते. त्या काळात आलेल्या आय. आर.-८ सारख्या बुटक्या, खताला चांगला प्रतिसाद देणाऱ्या वाणांनी आणि त्यांपासून निघालेल्या सुधारित वाणांनी देशाला अन्नधान्यात स्वयंपूर्णतेकडे नेले. त्यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु नवे वाण शून्यातून तयार होत नाही. त्यासाठी लागणारे गुण जुन्या वाणांकडूनच घ्यावे लागतात.

याचे ठळक उदाहरण ओडिशात सापडते. तेथील एका देशी भातापासून निवडलेले एफ. आर. १३-ए हे वाण पुराच्या पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत बुडूनही पुन्हा तग धरते. हा गुण ज्या जनुकामुळे येतो, त्याचा शोध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो गुण उतरविलेले ‘स्वर्णा-सब १’ हे वाण भारतात २००९ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाले. पूरग्रस्त भागांतील असंख्य शेतकऱ्यांना त्याचा उपयोग झाला. ज्या अज्ञात शेतकऱ्यांनी ते मूळ वाण पिढ्यान्‌पिढ्या पेरीत ठेवले, त्यांनी मध्येच ते सोडले असते, तर शास्त्रज्ञांना शोधण्यासाठी काहीच उरले नसते. केरळच्या किनारपट्टीवर खाऱ्या पाण्यात येणारे पोक्काळी भातही असेच संशोधकांना क्षारसहनशीलतेच्या गुणासाठी मोलाचे ठरले आहे.

आपल्याकडील उदाहरण तर प्रत्येक स्वयंपाकघरात पोहोचले आहे. वडगाव मावळ येथील कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला ‘इंद्रायणी’ हा आंबेमोहोर-१५७ व आय. आर.-८ यांच्या संकरातून निर्माण झाला. उत्पन्न नव्या वाणाने दिले, तर सुवास जुन्या आंबेमोहोराने.

शीतगृहातील जनुकपेढ्यांमध्ये बियाणे उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात दीर्घकाळ राखता येते आणि नवी दिल्ली येथील राष्ट्रीय जनुकपेढी हे काम करीत आहे. ते आवश्यकच आहे. तथापि, शीतगृहातील बी जसे ठेवले तसेच राहते. शेतातील बी मात्र दरवर्षी बदलता पाऊस, नवी कीड आणि बदलते तापमान यांना सामोरे जात स्वतःही हळूहळू बदलत असते. या वाणाची पेज आजाऱ्याला मानवते, त्याचा पेंढा छपराला टिकतो, अमुक भात खाऱ्या खाचरात येतो, हे ज्ञान तर केवळ वापरातूनच जिवंत राहते.

महाराष्ट्राच्या भातपट्ट्यात

महाराष्ट्रात कोकणचे जिल्हे, सह्याद्रीलगतचे मावळ पट्टे आणि पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे प्रमुख भातपट्टे आहेत. आजऱ्याचा घनसाळ, मुळशी-मावळचा आंबेमोहोर, वाड्याचा कोलम, भंडाऱ्याचा चिन्नोर या तांदळांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनामुळे नाव सुरक्षित होते आणि बाजारपेठ मिळण्यास मदत होते. परंतु ज्यांना असे नाव लाभलेले नाही, अशी कितीतरी वाणे एखाद-दुसऱ्या वाडीत, पाड्यावर किंवा टोल्यावर, एखाद्या वृद्ध शेतकऱ्याच्या वा गृहिणीच्या आग्रहामुळेच टिकून आहेत.

शेतकऱ्याची नजर किती सूक्ष्म असू शकते, हे चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे कै. दादाजी खोब्रागडे यांनी दाखवून दिले. जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेल्या आणि दीड एकर जमीन कसणाऱ्या दादाजींना १९८३ मध्ये पटेल-३ या भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढील हंगामांत वेगळ्या पेरल्या आणि त्यांतून ‘एच. एम. टी.’ या नावाने प्रसिद्ध झालेले बारीक तांदळाचे वाण निर्माण झाले. हे वाण विदर्भाच्या सीमा ओलांडून दूरवर पसरले. त्यांच्या संशोधनाचा राष्ट्रीय पातळीवर सन्मान झाला तो २००५ मध्ये. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. वाण वेगाने पसरले, परंतु ते शोधणाऱ्याची नोंद मागे राहिली आणि त्याचा लाभ त्याला बेताचाच मिळाला. म्हणून बियाणे हिंडते ठेवताना त्याची लेखी नोंदही त्याच्याबरोबर चालली पाहिजे.

कायद्याचा आधार

अशा नोंदीसाठी दोन कायद्यांचा आधार उपलब्ध आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ नुसार शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे राखून ठेवणे, पेरणे, पुन्हा पेरणे, त्याची देवाणघेवाण करणे व विकणे यांचा हक्क आहे. फक्त संरक्षित वाणाचे बियाणे ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. शेतकऱ्याचे किंवा समुदायाचे स्वतःचे वाण असल्यास त्याची नोंदणी करता येते आणि त्यासाठी नोंदणी शुल्क भरावे लागत नाही. अर्जाला लागणारी शिफारस ज्यांच्याकडून घेता येते, त्यांत पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा समावेश आहे, ही बाब पंचायत सदस्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. वाणांचे जतन करणाऱ्या शेतकऱ्यांना व समुदायांना राष्ट्रीय जनुक निधीतून पुरस्कार देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे.

दुसरा कायदा म्हणजे जैविक विविधता अधिनियम, २००२. त्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेक ठिकाणी ही नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवली जाते. वास्तविक, कोणते वाण, कोणाच्या शेतात, किती क्षेत्रावर आणि शेवटचे केव्हा पेरले गेले, ही माहिती दरवर्षी भरली गेली, तरच तिचा उपयोग आहे. ज्या वाणापुढे केवळ एकाच शेतकऱ्याचे नाव उरले असेल, ते वाण धोक्यात आहे असे समजून तातडीने पाऊल उचलता येईल.

गावाने काय करावे

रामन यांच्या उदाहरणावरून गावपातळीवर करता येण्याजोग्या काही गोष्टी सुचतात. त्यांना मोठा निधी लागत नाही.

पहिली गोष्ट शोधाची. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत वयोवृद्ध शेतकऱ्यांकडून, आणि विशेषतः बियाण्यांची निवड व साठवण करणाऱ्या स्त्रियांकडून, गावात पूर्वी होणाऱ्या व आजही होत असलेल्या वाणांची यादी करावी. त्यांचा कालावधी, जमीन, चव व उपयोग लिहून घ्यावेत.

दुसरी गोष्ट वाटणीची. पन्नास वाणे एका शेतकऱ्याने सांभाळण्याऐवजी पन्नास कुटुंबांनी प्रत्येकी दोन वाणे एकेका गुंठ्यावर लावावीत आणि प्रत्येक वाण निदान दोन घरी राहील, अशी फेरव्यवस्था दरवर्षी करावी. यासाठी नेलेले बियाणे परत करण्याचा नियम बचत गटाच्या वहीत लिहून ठेवता येईल. कर्जाच्या नोंदी चोख ठेवणाऱ्या आपल्या महिला बचत गटांना बियाण्यांची वही ठेवणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट शिक्षणाची. शाळेच्या परसबागेलगत चार-पाच वाणांचे लहान वाफे लावून विद्यार्थ्यांना त्यांची उंची, फुलोऱ्याची तारीख व लोंबीतील दाणे मोजावयास सांगितले, तर विज्ञान, गणित आणि परिसर अभ्यास हे तिन्ही विषय एकाच बांधावर शिकविता येतील. प्रत्येक वाणाच्या दोन लोंब्या कागदावर चिकटवून नावासह वर्गात लावाव्यात.

चौथी गोष्ट मोबदल्याची. केरळ शासनाने २०२० मध्ये भातजमीन राखणाऱ्या मालकांना आरंभी हेक्टरी २ हजार रुपये देण्याची योजना सुरू केली. खाचर पाणी मुरविते व परिसर जपते, म्हणून ते राखणाऱ्याला समाजाने काही द्यावे, हा त्यामागील विचार आहे. दुर्मीळ वाण राखणाऱ्यालाही हाच न्याय लागू पडतो. पंचायतीने त्याच्या उत्पन्नातील काही पोती गावच्या सणासमारंभासाठी योग्य दराने घेतली, किंवा बाजारात त्याच्या तांदळाला वाणाच्या नावाने विक्री मिळवून दिली, तरी त्याचा भार हलका होईल.

रामन आता वयोवृद्ध झाले आहेत. त्यांच्या पिढीतील असे शेतकरी प्रत्येक भातपट्ट्यात मोजकेच उरले आहेत. गौरवपत्रे आणि सत्कार त्यांच्या वाट्याला येतात, हे योग्यच आहे. परंतु सत्काराने वाण पुढच्या वर्षी उगवत नाही. त्यासाठी त्यांच्या कणगीतील एक पायली बी कोणीतरी मागून न्यावे लागते, आपल्या खाचरात लावावे लागते आणि सुगीनंतर मोजून परत आणून द्यावे लागते. येत्या मृगापूर्वी आपल्या गावात अशी एक पायली कोणाकडे आहे आणि ती नेणारा कोण, एवढे जरी प्रत्येक भात पिकविणाऱ्या पंचायतीने ठरविले, तरी या कार्याचा प्रारंभ होईल.